बसून फेकलेला गोळा

२८ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं, ते स्टेडियमच्या बाहेर. पॅरालिम्पिकच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. शाँझेलिझेच्या रुंद रस्त्यावरून देशोदेशींचे चमू काँकोर्द चौकात आले, तेव्हा भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता. एक होता हरियाणाचा भालाफेकपटू सुमित अंतिल, टोकियोत सुवर्णपदक जिंकलेला आणि कृत्रिम पायावर ताठ चालणारा. त्याच्या सोबतीला व्हीलचेअरवर होत्या गोळाफेकपटू भाग्यश्री माधवराव जाधव. त्यांचं गाव होनवडज, तालुका मुखेड, जिल्हा नांदेड. त्यांच्यामागे असलेला ८४ खेळाडूंचा चमू भारताने तोवर पॅरालिम्पिकला पाठवलेल्या चमूंमध्ये सर्वांत मोठा होता.

त्याआधी तीन वर्षं, टोकियोतही भारताचा झेंडा एका गोळाफेकपटूच्या हातात आला होता. तिथे ध्वजधारक म्हणून उंच उडीतल्या मरियप्पन थंगवेलूचं नाव ठरलं होतं. प्रवासात कोरोनाबाधिताशी संपर्क आल्यामुळे त्याला विलगीकरणात राहावं लागलं आणि ऐनवेळी टेकचंद यांनी झेंडा घेतला. पॅरिसची निवड मात्र आधीपासून, विचारपूर्वक झाली होती.

पॅरिसमध्ये भाग्यश्री यांचा गोळा ७.२८ मीटर गेला आणि त्या पाचव्या आल्या. भारताने त्या स्पर्धेत ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य अशी २९ पदकं मिळवली. पदकांच्या बातम्यांच्या गर्दीत पाचव्या क्रमांकाला दोन ओळी मिळाल्या. ज्या कारकिर्दीने एका खेड्यातल्या बाईला तिशीनंतर जगातल्या पहिल्या पाचांत नेऊन बसवलं, तिला मराठवाड्याच्या क्रीडा इतिहासात दोन ओळींहून पुष्कळ अधिक जागा मिळायला हवी.

मुखेड तालुका नांदेडच्या दक्षिणेला आहे, कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेजवळ. नांदेडच्या वायव्येला हिंगोली जिल्हा लागतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा आहे: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ. या दोन जिल्ह्यांचा व्यवहार इतका एकमेकांत गुंतलेला आहे की खेळाच्या गोष्टीतही त्यांना वेगळं काढता येत नाही. हिंगोलीची रेल्वे नांदेड विभागात येते. हिंगोलीची महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे कळमनुरीच्या मुलीला विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धा खेळायच्या झाल्या तर त्या याच विद्यापीठाच्या झेंड्याखाली खेळाव्या लागतात. वसमतची हळद आणि नरसीचे नामदेव यांच्यासाठी ओळखला जाणारा हा मुलूख दिव्यांगांच्या खेळासाठी कधी ओळखला गेला नव्हता. म्हणून होनवडजचं नाव पॅरिसमध्ये पुकारलं गेलं, ते हिंगोलीच्याही अंगणातलं होतं.

या खेळाचा आणि मराठवाड्याच्या इतिहासाचा एक योगायोग सांगण्याजोगा आहे. २९ जुलै १९४८ ला, लंडनमध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या हिरवळीवर डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या १६ माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्यात स्त्रियाही होत्या. पॅरालिम्पिकची सुरुवात तिथली. त्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता आणि मुक्तिसंग्रामाचा शेवट अजून सात आठवडे दूर होता. नांदेड-हिंगोलीत तेव्हा शाळा मोजक्या होत्या आणि लोकांचं मन जीव वाचवण्यात गुंतलेलं होतं. चाकाच्या खुर्चीवर बसून कुणी स्पर्धा खेळतं, ही बातमी इथवर यायला पुढची कित्येक दशकं लागली.

१९६० मध्ये रोमला पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा झाली. भारत १९६८ साली तेल अवीवला प्रथम गेला, तेव्हा चमूत दहाजण होते. पुढच्याच खेपेला, १९७२ मध्ये हायडेलबर्गला, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेल्या या जवानाचं ते पदक भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं आणि बहुतेकांनी त्यांचं नाव ऐकलं ते २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आल्यावर. गोळाफेकीत भारताला पहिलं पदक १९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी यांनी मिळवून दिलं. त्यानंतर या खेळात ३२ वर्षं भारताच्या हाती काही लागलं नाही.

ते अंतर मोडलं एका बाईने. तिच्या गोष्टीचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे.

दीपा मलिक यांचे पती लष्करात अधिकारी होते. १९९९ मध्ये कारगिलचं युद्ध सुरू असताना दीपा यांच्या पाठीच्या कण्यातली गाठ काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि छातीखालच्या शरीराची हालचाल गेली. दोन लहान मुली होत्या. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी खानावळ आणि केटरिंगचा व्यवसाय उभा केला, तो व्हीलचेअरवरूनच चालवला आणि छत्तिशीच्या सुमाराला खेळाकडे वळल्या. पोहणं, मोटारसायकल, मोटार रॅली, भाला, थाळी, गोळा असं सगळं त्यांनी केलं. महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये रिओला एफ-५३ गटात त्यांनी ४.६१ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतलं. पॅरालिम्पिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. सुवर्ण जिंकणाऱ्या बहरीनच्या फातिमा नेधमने ४.७६ मीटर फेक केली होती, म्हणजे दोघींमधलं अंतर पंधरा सेंटिमीटरचं होतं. दीपा तेव्हा ४५ वर्षांच्या होत्या.

टोकियोला त्या उतरू शकल्या नाहीत, कारण त्यांच्या गटाची गोळाफेकच तिथल्या कार्यक्रमात नव्हती. पॅरा खेळाडूच्या आयुष्यातली ही बाजू बाहेर फारशी माहीत नसते. धडधाकट धावपटूची शंभर मीटरची शर्यत दर चार वर्षांनी असतेच. पॅरा खेळाडूचा गट एका स्पर्धेत असतो आणि पुढच्या स्पर्धेत वगळला जातो. मेहनत, वय आणि प्रशिक्षण सगळं जागेवर असतं, फक्त स्पर्धा नाहीशी होते.

गट ही गोष्ट इथे थोडी उलगडायला हवी, कारण भाग्यश्री यांची सगळी कारकीर्द ‘एफ-३४’ या अक्षर-आकड्यांत बसलेली आहे. ‘एफ’ म्हणजे मैदानी फेकीचे प्रकार. पुढचा आकडा शरीराच्या मर्यादेचा प्रकार आणि तिची तीव्रता सांगतो. ३१ ते ३४ हे गट मेंदूच्या पातळीवर स्नायूंचा ताबा बिघडलेल्या, अवयव आखडणाऱ्या किंवा आपोआप हलणाऱ्या खेळाडूंचे. त्यातला ३४ हा बसून फेकणाऱ्यांचा सर्वांत सक्षम गट आहे. पायांत ताठरपणा जास्त असतो, हात आणि धड बऱ्यापैकी साथ देतात. दीपा यांचा ५३ हा गट वेगळ्या कुळातला, कण्याच्या इजेमुळे स्नायूंची ताकद गेलेल्यांचा. त्यामुळे ४.६१ आणि ७.२८ या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नये. दोन्ही गटांत बायकांचा गोळा तीन किलोचा असतो. धडधाकट महिलांच्या गोळ्याचं वजन चार किलो.

उभ्याने गोळा फेकणाऱ्याला वर्तुळात सरकण्याची किंवा गिरकी घेण्याची मुभा असते आणि फेकीचा बराचसा जोर पायांतून येतो. बसून फेकणाऱ्याला हे दार बंद आहे. त्याच्यासाठी लोखंडी चौकट असते, आसनाची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. मांड्या आणि बैठक आसनाला चिकटलेली राहिली पाहिजे, फेकताना उठलं की फेक बाद. एका बाजूला उभा दांडा असतो, तो मोकळ्या हाताने धरायचा आणि त्याच्या आधाराने धड पुढे खेचत गोळा ढकलायचा. पट्ट्यांनी पाय आणि कंबर बांधतात. पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट जमिनीशी असते. गोळा जितक्या जोराने पुढे जातो, तितक्या जोराने चौकट मागे रेटली जाते. म्हणून ती चारही बाजूंनी पट्टे ताणून जमिनीतल्या पक्क्या हुकांना आवळावी लागते. हुक नसले तर चौकट हलते, खेळाडूचा जोर चौकटीच्या हालण्यात वाया जातो आणि कधी चौकट उलटण्याची भीती मनात घर करते. खेळाडूला बांधण्यात वेळ जातो म्हणून इथे एकाच खेळाडूच्या फेका लागोपाठ होतात. बाकीचे फेकत असताना मन सावरायला मिळणारी उसंत इथे नाही. ज्याच्या स्नायूंचा ताण मनाच्या ताणाबरोबर वाढतो, त्याच्यासाठी हे किती अवघड असेल याचा अंदाज वाचकाने करावा.

भाग्यश्री यांचा जन्म २४ मे १९८५ चा. चाकाची खुर्ची जन्मापासून नव्हती, ती तरुणपणी आली. ज्या वयात तालुक्याच्या गावी मुलींची लग्नं, संसार, मुलंबाळं सुरू होतात, त्या वयात त्यांना उठणं-बसणं नव्याने शिकावं लागलं. खेळात त्या आल्या तेव्हा तिशी उलटून गेली होती. क्रीडा प्रबोधिनीत निवडल्या जाणाऱ्या मुली त्या वयापर्यंत निवृत्तीचा विचार करू लागतात.

मुखेडसारख्या तालुक्यातून व्हीलचेअरवरच्या बाईने सरावाला जायचं म्हणजे काय, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना पाऊण सवलत मिळते, चढायच्या उंच पायऱ्या मात्र तशाच राहतात. स्वच्छतागृहात खुर्ची आत जात नाही. मैदान असलं तरी खुर्ची मुरमात रुतते. घरातलं कुणीतरी रोज सोबत लागतं, आणि ज्या घरात दोन माणसांची मजुरी किंवा शेती थांबवून एकीचा सराव चालवायचा असतो, तिथे हा निर्णय सगळ्या घराचा होतो. मोठ्या शहरांतल्या खेळाडूंच्या वाट्यालाही सोयी नव्हत्या. मार्च २०१५ मध्ये गाझियाबादला राष्ट्रीय पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धेत खेळाडूंची राहण्याची आणि स्वच्छतागृहांची इतकी आबाळ झाली की देशभर आरडाओरड झाली आणि भारतीय पॅरालिम्पिक समितीवर निलंबनाची कारवाई झाली. भाग्यश्री यांनी ज्या व्यवस्थेत पाऊल ठेवलं, ती नुकतीच या धक्क्यातून सावरत होती.

२०२० उजाडलं आणि टाळेबंदी आली. टोकियोच्या स्पर्धा वर्षभर पुढे गेल्या. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, रिकाम्या स्टेडियममध्ये, भाग्यश्री यांनी आपल्या पहिल्या पॅरालिम्पिकमध्ये गोळा फेकला: सात मीटर, ना एक सेंटिमीटर कमी ना जास्त. तोवरची ती त्यांची सर्वोत्तम कामगिरी होती आणि त्या सातव्या आल्या. चीनच्या झोउ लिजुआनने ९.१९ मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्ण नेलं. दोघींमध्ये दोन मीटरहून जास्त अंतर होतं. या फरकाने नाउमेद होणं सोपं होतं. पण सर्वांत मोठ्या मैदानावर आपली सर्वोत्तम फेक करणं प्रत्येकाला साधत नाही. ऑलिम्पिकमध्ये गेलेले आपले कितीतरी नावाजलेले ॲथलीट स्वतःच्या नेहमीच्या कामगिरीच्या जवळही पोहोचू शकलेले नाहीत. छत्तिसाव्या वर्षी, पहिल्याच पॅरालिम्पिकमध्ये, भाग्यश्री यांनी ते करून दाखवलं.

पुढची तीन वर्षं या कारकिर्दीतली सर्वांत भरीव वर्षं आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोउला लांबलेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताने तिथे १११ पदकं जिंकली, त्यांतलं एक रौप्य भाग्यश्री यांचं होतं. फेक ७.५४ मीटर. सात मीटरवरून साडेसातच्या पुढे जाणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण बसून फेकणाऱ्या, अडतिशीतल्या खेळाडूने दोन वर्षांत चोपन्न सेंटिमीटर वाढवणं म्हणजे तंत्र, आहार, बांधणी आणि सराव या सगळ्यांत बदल झाला असणार. पायाकडून काहीच मिळणार नसताना प्रत्येक सेंटिमीटर खांदा, पाठ आणि दांडा धरलेल्या हातातून काढावा लागतो.

सात महिन्यांनी, मे २०२४ मध्ये जपानच्या कोबे इथे जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. भाग्यश्री यांनी ७.५६ मीटर फेक केली आणि पुन्हा रौप्य मिळवलं, या वेळी जागतिक स्पर्धेतलं. भारताने तिथे १७ पदकं जिंकली. त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी एफ-४६ गटात १६.३० मीटर गोळा फेकून सुवर्ण राखलं. दुष्काळी माणदेशातला एकजण आणि मराठवाड्याच्या सीमेवरची एकजण, दोघेही गोळाफेकपटू, एकाच स्पर्धेतून जागतिक पदकं घेऊन परतले. महाराष्ट्राच्या खेळाच्या इतिहासात या मे महिन्याला मानाची जागा असायला हवी. कुस्ती आणि क्रिकेटच्या आठवणी जपणाऱ्या आपल्या समाजाने ती अजून दिलेली नाही.

कोबेच्या त्या रौप्यामुळे पॅरिसकडून अपेक्षा वाढल्या. ध्वजधारक म्हणून नाव जाहीर झालं आणि नांदेडच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छायाचित्रं छापावीत अशी बातमी झाली. स्पर्धा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. गोळा ७.२८ वर थांबला, कोबेपेक्षा अठ्ठावीस सेंटिमीटर अलीकडे. सुवर्ण पुन्हा झोउ लिजुआनचं, ९.१४ मीटरचं. त्याच आठवड्यात खिलारींनी १६.३२ मीटरचा आशियाई विक्रम करून रौप्य जिंकलं आणि महाराष्ट्राचा जल्लोष साहजिकच तिकडे वळला.

पॅरिसचा पाचवा क्रमांक अपयश मानायचा की नाही, यावर दोन मतं असू शकतात. कोबेची फेक पुन्हा साधली नाही, हे खरं आहे आणि ते लपवण्यात खेळाडूचा मान नाही. पण टोकियोच्या सात मीटरपासून मोजलं तर अठ्ठावीस सेंटिमीटरची वाढ होते आणि क्रमांक दोन पायऱ्यांनी वर येतो. ३९ व्या वर्षी दोन पॅरालिम्पिक, दोन अंतिम फेऱ्या, आशियाई रौप्य आणि जागतिक रौप्य एवढं ज्या बाईच्या नावावर आहे, तिने मराठवाड्याला दिलेलं योगदान एका दिवसाच्या निकालाने ठरत नाही.

शिवाय त्या एकट्या आल्या नाहीत. रिओला गेलेल्या भारतीय पॅरालिम्पिक चमूत १९ खेळाडू होते, त्यांत ३ स्त्रिया. टोकियोला ५४ मध्ये १४. पॅरिसला ८४ मध्ये ३२. आठ वर्षांत तीनवरून बत्तीसवर पोहोचलेल्या या आकड्यामागे दीपा मलिक यांचं पदक आहे, पदकाची शक्यता असलेल्या खेळाडूंना मदत करणारी केंद्राची ‘टॉप्स’ योजना आहे, डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धा आहेत. आणि गावातून रोज मैदानापर्यंत जाणाऱ्या, नाव न छापलेल्या कितीतरी मुली आहेत.

कायदाही बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यातलं कलम ३० खेळाविषयी आहे. दिव्यांगांना खेळात परिणामकारक सहभाग घेता यावा म्हणून सरकारने उपाय करावेत, मैदानं आणि सोयी त्यांना वापरता येतील अशा करून द्याव्यात, हे त्या कलमाचं सार. या कलमाचा अर्थ मुंबई-पुण्यात मोठ्या संकुलांनी लावावा तसा हिंगोलीच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनीही लावावा, वसमत आणि सेनगावच्या तालुका क्रीडा संकुलांनीही लावावा.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. फेकीच्या वर्तुळाभोवती काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले हुक, गावातला चांगला वेल्डर नियमांच्या मापात बनवू शकेल अशी एक लोखंडी चौकट, आवळायचे पट्टे, तीन किलोचे काही गोळे, वर्तुळापर्यंत खुर्ची जाईल असा सपाट रस्ता आणि दार रुंद असलेलं एक स्वच्छतागृह. बरोबरीने गटवारीची माहिती असलेला एक प्रशिक्षक, कारण गटाचं प्रमाणपत्र चुकीचं निघालं तर खेळाडूची वर्षं वाया जातात. जिथे हे असेल तिथे ते वापरात आणावं, जिथे नसेल तिथे येत्या आर्थिक वर्षात जिल्हा नियोजन समितीने त्याची तरतूद करावी. शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि आशाताईंनी आपल्या गावातल्या व्हीलचेअरवरच्या मुलीचं नाव जिल्हा क्रीडा कार्यालयात नोंदवावं. आणि तिच्या आईवडिलांनी, वय वाढलं म्हणून तिला घरी बसवू नये. भाग्यश्री जाधव यांनी गोळा हाती घेतला, तेव्हा त्यांची तिशी उलटली होती.